जोडीत गेलेलं मत

आमच्या लॅमसन गोर गावात कुणाला निवडणूक लढवायची असेल, तर तो आधी शनिवारी सकाळी कचरा डेपोवर येतो. गावात कचऱ्याची गाडी फिरत नाही. ज्याचा कचरा त्यानं आणून टाकायचा. चर्चकडे न फिरकणारा माणूसही डेपोवर येतोच. उमेदवार रद्दी कागद टाकायच्या पेटीशेजारी उभा राहतो आणि हात पुढे करतो. डेपो सांभाळणाऱ्या आर्डिस कोलबर्नची त्याला एकच अट असते: नुसतं उभं राहायचं नाही, म्हाताऱ्यांच्या गाडीतल्या पिशव्या उतरवून द्यायच्या. गव्हर्नरपदाला उभ्या असलेल्या एका गृहस्थांना तिनं सुनावलं होतं, "साहेब, हिरव्या बाटल्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. राज्य नंतर चालवा." गाव हे अजून सांगतं.

आर्डिस उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला तुटक. नवरा एल्डन गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो. मार्चमध्ये आमची गावसभा भरते, त्यात पन्नाशी उलटेपर्यंत ती एकदाच बोलली होती, तेही एका मोकाट कुत्र्याबद्दल. अशी बाई विधानसभेत गेली ती पत्रकांमुळे.

आमचे त्या वेळचे आमदार लायल बीमन हे गणिताचे निवृत्त मास्तर. डोंगरावर खडीची खाण काढायला बाहेरच्या राज्यातली एक कंपनी आली होती, तिला त्यांनी विरोध केला. नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी, त्या ऑक्टोबरात दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक घरात एक जाड, गुळगुळीत, रंगीत पत्रक येऊ लागलं. लायल बीमन यांना शाळेतलं गरम जेवण बंद करायचंय, असं त्यावर छापलेलं असे. ते धादांत खोटं होतं. खाली नाव असे ‘आपलं खोरं, आपली माणसं’ या समितीचं. या समितीतला एकही माणूस खोऱ्यात कुणाच्या ओळखीचा नव्हता.

शनिवारी ती सगळी पत्रकं कागदाच्या पेटीत येत. लायल आपला कचरा घेऊन आले, तेव्हा आर्डिस म्हणाली, "मास्तर, सगळी तुमचीच आहेत. आज पेटी दोनदा रिकामी केली."

"वाचली का पण कुणी?"

"टाकायच्या आधी वाचलीच ना."

लायल थोडक्या मतांनी पडले आणि हिवाळा संपायच्या आत मुलीकडे राहायला गेले. दोन वर्षांनी आर्डिस उभी राहिली. कुणाकडूनही वीस डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. ती निवडून आली. तोवर खाणीला परवाना मिळून गेला होता आणि तिच्याविरुद्ध पत्रकं छापायची कुणाला गरज वाटली नव्हती. हे ती स्वतःच सांगते.

आमच्या विधानसभेत सदस्याला खोली मिळत नाही. एक खुर्ची, कोट अडकवायला एक खुंटी आणि तळघरातलं उपाहारगृह, एवढंच. खुर्च्या पक्षाप्रमाणे नसतात. आर्डिसच्या शेजारची, खिडकीकडची खुर्ची मेरिल स्टॅनर्ड यांची होती. वय अठ्ठ्याहत्तर, पक्ष दुसरा, धंदा मेपलचा पाक काढण्याचा, घर लॅमसन गोरपासून वर, खोऱ्याच्या टोकाला. पहिल्या दिवशी त्यांनी तिला कामाची माहिती दिली.

"इथे दुपारी ऊन येतं. मी झोपतो. माझं नाव पुकारलं की कोपर मारायचं."

"आणि मला हव्या असलेल्या विधेयकावर झोपू दिलं तर?"

"तर म्हणेन, पोरगी लवकर शिकली."

जोडीची पद्धत तिला त्यांनीच समजावून सांगितली. मतदानाला हजर राहता येणार नसेल, तर सदस्य विरुद्ध मताचा एखादा सदस्य गाठतो. दोघं हात मिळवतात. मग गैरहजर माणसाचं मत नाही आणि हजर असलेल्याचंही नाही. नाव पुकारलं की त्यानं उभं राहून सांगायचं, मी अमक्याशी जोडीत आहे, तो असता तर काय म्हणाला असता आणि मी काय म्हटलं असतं. नियमांच्या पुस्तकात याबद्दल चार ओळी आहेत; बाकी सगळं त्या हात मिळवण्यावर चालतं. जोडीतून मोकळं करायचा अधिकार फक्त गैरहजर माणसाला. शब्द मोडला तर शिक्षा नाही. फक्त पुन्हा त्याच्याशी कुणी हात मिळवत नाही. ज्या सभागृहात निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत आणि रस्ते मे महिन्यापर्यंत धड नसतात, तिथे जोडीची गरज प्रत्येकाला कधी ना कधी पडते.

दुसऱ्या वर्षी आर्डिसनं आणलेलं विधेयक अकरा पानांचं होतं, पण ती ते एका वाक्यात सांगे: निवडणुकीचं पत्रक असो की जाहिरात, तिच्यामागे ज्याचा पैसा त्याचं खरं नाव तिच्यावर मोठ्या अक्षरात पाहिजे, समितीचं घेतलेलं नाव नको. उपाहारगृहात सगळे त्याला ‘नावाचं विधेयक’ म्हणत. मेरिल त्याच्या विरोधात होते, आणि मनापासून होते. लोईसनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डब्यात दिलेले डोनट खात दोघं हिवाळाभर वाद घालत.

"माझ्या आजोबांनी ग्रॅनाइटच्या खाणमालकाविरुद्ध पत्रक काढलं होतं," मेरिल म्हणत. "त्यावर नाव घालायला लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावरून गेले असते."

"तुमचे आजोबा आणि ही खडीची कंपनी एकच का?"

"मला फरक कळतो. तुला कळतो. कायद्याला कळत नाही."

"मग कायद्याला शिकवू या की."

"अकरा पानांत? माझ्या आजोबांचं पत्रक अर्ध्या पानाचं होतं."

एप्रिल आला, बर्फ वितळला, रस्त्यांचा चिखल झाला. एका गुरुवारी शिपाई मेरिलना बाहेर बोलावून घेऊन गेला. ते परत आले ते कोट घालूनच.

"लोईसला नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नेलंय. हृदयाचं आहे. मी निघतो. तुझ्या विधेयकावर जोडी लावतेस का माझ्याशी?"

विधेयक यायला बारा दिवस होते. मुरलेला सदस्य अशा वेळी तारीख घालून जोडी देतो: आजच्यापुरती, फार तर शुक्रवारपर्यंत. मग हिशोब पाहून वाढवतो किंवा वाढवत नाही. हे आर्डिसला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या क्षणी आठवलं असतं असं नाही. गाडी फाटकापाशी सोडून धावत घरी निघालेल्या माणसाला ती डेपोवर जे म्हणते, तेच ती म्हणाली.

"जा तुम्ही. परत येईपर्यंत मी आहे."

मेरिलनी पुन्हा विचारलं, "परत येईपर्यंत?"

"परत येईपर्यंत. निघा. आणि गोरच्या रस्त्यानं नका जाऊ, चाक रुतेल."

त्यांनी हात मिळवला.

आर्डिसच्या पक्षाची प्रतोद थिया रँडॉल ही चाळिशीतली वकील. कोणतं मत कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता येई. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात तिला हे कळलं.

"जोडी? स्टॅनर्डशी? कुठल्या तारखेपर्यंत?"

"ते परत येईपर्यंत."

थियानं हातातला चमचा खाली ठेवला. "अहो आर्डिस, असं कुणी देत नाही. हा काय शेजाऱ्याचा कुत्रा सांभाळताय?"

"शेजारीच आहेत ते."

त्या दिवशी थियाला फार चिंता नव्हती, कारण दोन-तीन मतं हाताशी जास्त होती. पुढच्या आठवड्यात विधेयक नको असलेल्या कंपन्यांची माणसं सरोवराकाठच्या मतदारसंघांतल्या सदस्यांना भेटली, आणि ती जास्तीची मतं एकेक करून गेली. सोमवारी दुपारी हिशोब अगदी स्पष्ट झाला. आर्डिसचं मत धरलं तर विधेयक एका मतानं मंजूर. नाही धरलं तर बरोबरी. आमच्याकडे बरोबरी म्हणजे विधेयक पडलं.

थिया तिला जिन्यात घेऊन गेली. "स्टॅनर्ड काही झालं तरी उद्या येणार नाहीत. तुम्ही मत दिलंत तर आपण जिंकतो. गप्प बसलात तर ते हॉस्पिटलात बसून जिंकतात."

"त्यांना हे ठाऊकही नसेल."

"म्हणून तर म्हणते, फोन करा. मला मोकळं करा म्हणा. चार शब्द. ते जुने आहेत, त्यांना कळेल."

आर्डिसनं तिथूनच फोन लावला. मेरिलनी लगेच उचलला.

"कशा आहेत लोईस?"

"उद्या सकाळी छाती उघडतायत."

"उद्याच?"

"उद्याच." मग मेरिल म्हणाले, "तुझंही उद्याच आहे ना?"

"हो."

"काही अडचण नाही ना?"

थिया दोन पायऱ्या खाली हाताची घडी घालून उभी होती. आर्डिसनं तिच्याकडे पाठ केली.

"नाही. तुम्ही लोईसकडे बघा."

"बरं," मेरिल म्हणाले. पण फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. "आता डोनट कोण आणतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"बरं," ते पुन्हा म्हणाले, आणि मग ठेवला.

"विचारलंस?" थियाचं ‘अहो’ एव्हाना गेलं होतं.

"उद्या त्यांच्या बायकोची छाती उघडतायत."

"ते मी ऐकलं. विचारलंस का?"

"नाही."

थियानं हाताची घडी सोडली. "कंपन्यांच्या माणसांना अख्खा हिवाळा पैसा ओतून जे जमलं नाही," ती म्हणाली, "ते तू एका फोनवर करून दाखवलंस." आणि जिना उतरून गेली.

मंगळवारी नावं पुकारायला सुरुवात झाली. कोलबर्न हे नाव वर्णक्रमानं लवकर येतं. आर्डिस उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, मी सदस्य स्टॅनर्ड यांच्याशी जोडीत आहे. ते हजर असते तर ‘नाही’ म्हणाले असते. मी ‘हो’ म्हटलं असतं."

सचिवानं ते पुन्हा वाचलं आणि पुढचं नाव घेतलं. आर्डिसला त्यानंतरची शंभरावर नावं बसून ऐकावी लागली. शेवटच्या नावाला बरोबरी झाली. निकाल सांगण्याआधी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, मतात बदल करायचा आहे असे कोणी सदस्य आहेत का. हा प्रश्न एरवी एका श्वासात विचारून होतो. त्या दिवशी अध्यक्ष थांबले. सभागृहात एकानंही मान वळवून आर्डिसकडे पाहिलं नाही, आणि ते पाहण्यापेक्षा जड होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. विधेयक पडलं.

दुपारी उपाहारगृहात दोन्ही पक्षांचे लोक येऊन तिचा हात हातात घेऊन गेले. शब्दाला जागणारी बाई, असं म्हणाले. विरोधकांचे हात जास्त उबदार होते, असं आर्डिस सांगते. खडीच्या कंपनीचं काम बघणारा वकीलही आला. "बाई, अशी माणसं आता राहिली नाहीत हो," तो म्हणाला. आर्डिस सूप तसंच टाकून उठली.

ऑक्टोबरात पत्रकं आली. या वेळी ती तिच्यावर होती. डेपोवरचा, हातमोजे घातलेला तिचा फोटो आणि खाली लाल अक्षरं: ‘वेळ आली तेव्हा आर्डिस कोलबर्न मत द्यायला घाबरल्या.’ समितीचं नाव ‘स्पष्ट बोलणारे नागरिक’. त्या समितीमागे कोण होतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. ते कळावं म्हणून जे विधेयक होतं ते एप्रिलमध्ये पडलं होतं. गावात बहुतेकांना खरी गोष्ट माहीत होती, पण मतदारसंघ एका गावाचा नव्हता. जोडी म्हणजे काय हे समजावायला पाच मिनिटं लागतात आणि पत्रक वाचायला पाच सेकंद.

"तूही एक छाप ना," एल्डन म्हणाला होता. "खरं काय ते सांग लोकांना."

"त्यात लोईसचं आजारपण लिहावं लागेल."

"मग लिही."

"तू लिहिशील?"

एल्डन गाडीचं तेल बघायला गेला. आर्डिस पडली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मेरिल आपला छोटा ट्रक घेऊन डेपोवर आले. त्यांनी त्या वर्षी निवडणूक लढवली नव्हती. शेजारी लोईस बसली होती; बारीक झालेली, मफलरमध्ये गुंडाळलेली, पण हिंडती-फिरती. तिनं काच खाली केली.

"इकडे ये गं. मला भांडायचंय तुझ्याशी."

"भांडा," आर्डिस जवळ जात म्हणाली.

"तू फोन केलास तेव्हा मी जागी होते. फोन ठेवल्यावर हा माणूस मला म्हणतो, पोरगी काही बोलली नाही. मी म्हटलं, मग तू बोल. तर म्हणे, तिनं मोकळीक मागितली नाही, मी आपणहून दिली तर तिला वाटेल, तिच्या शब्दावर माझा भरवसा नाही."

मेरिल मागे बाटल्या उतरवत होते. "मी विचारलं होतं तिला," ते तिथूनच म्हणाले. "अडचण आहे का म्हणून."

"याला विचारणं म्हणतात?" लोईस आर्डिसकडेच बघत म्हणाली. "डॉक्टरांनी माझी छाती उघडली, पण तुम्हा दोघांची तोंडं काही कुणाला उघडता आली नाहीत. आणि कारण काय, तर मी. मला कुणी विचारलं? मला चाललं असतं. चार शब्दांनी मी मेले नसते."

आर्डिस मागे गेली आणि मेरिलच्या हातातलं खोकं घेऊ लागली. त्यांनी ते सोडलं नाही. दोघांनी ते मधे धरलेलं होतं.

"मोकळं केलं असतंत मला?"

"त्याच क्षणी."

"विधेयक झालं असतं."

"झालं असतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही." त्यांनी खोकं तिच्या हातात दिलं. "पण मला हरायचं होतं, आर्डिस. असं जिंकायचं नव्हतं. मी फोन कानाला लावून बसलो होतो की आता म्हणेल, आता म्हणेल."

"मला वाटलं, तुम्हाला फोन ठेवायचाय."

"डोनटचं विचारलं मी. फोन ठेवायचा असलेला माणूस डोनटचं विचारतो?"

मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या. आर्डिस खोकं घेऊन बाटल्यांच्या पेटीकडे गेली.

मार्चमध्ये गावसभेच्या दिवशी थिया रँडॉल राजधानीहून आली. शाळेच्या व्यायामशाळेत सभा होती, दुपारच्या जेवणाला बायकांनी आणलेले भाजलेले घेवडे, हॅम आणि सफरचंदाचं सारण भरलेले ॲपल पाय होते. थिया ताट घेऊन आर्डिसच्या समोर बसली.

"त्या दिवशी जिन्यात मी फार बोलले."

"खोटं नव्हतात बोलला."

"नावाचं विधेयक मी या वर्षी पुन्हा आणलंय. विधानसभेच्या समितीतून ते बाहेर काढायला मला आणखी माणसं हवीत. पुढच्या निवडणुकीला उभ्या राहा. तुम्ही शब्द पाळलात. लोकांना असलं लक्षात राहतं."

"लोकांना काय लक्षात राहतं ते ऑक्टोबरात कळलं," आर्डिस म्हणाली. मग काटा बाजूला ठेवून ती सरळ बोलली. "शब्द पाळला याचं मला वाईट वाटत नाही. मोडायची वेळच नव्हती आली. नुसतं विचारायचं होतं. पण घरात दुखणं असलं की आम्ही त्या दाराशी काही मागायला जात नाही. आईनं आम्हाला तेवढंच शिकवलं. ते मी तिथे घेऊन गेले, आणि मास्तर बीमनसारखी अजून किती माणसं पडतील ते माझ्या खाती."

"आता तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी विचाराल."

आर्डिसनं यावर खरोखर विचार केला. थियानं तोवर अर्धा ॲपल पाय संपवला.

"नाही विचारणार," ती शेवटी म्हणाली. "तेच तर आहे. तीच सोमवारची दुपार पुन्हा आली, पलीकडे मेरिल आणि आत लोईस, तर मी पुन्हा ‘कशा आहेत’ एवढंच विचारीन. मी घरी करून पाहिलंय, मनातल्या मनात. तिथवर येते आणि थांबते. असं माणूस तुम्हाला तिथे नको, थिया. तुम्ही दुसरं शोधा. कुणीतरी बरं, पण मागायला न लाजणारं."

थियानं तिला पटवायचा प्रयत्न केला नाही. सभेच्या संचालकानं घंटा वाजवली. जेवणानंतरचा पहिला विषय रस्ते सपाट करायचं नवं यंत्र, ग्रेडर, घ्यायचा होता आणि त्यावर एल्डनला बोलायचं होतं, म्हणून आर्डिस ताट ठेवून त्याच्या शेजारी जाऊन बसली. थिया थोडा वेळ मागे उभी राहिली आणि रस्ता बरा आहे तोवर निघून गेली. ग्रेडर मंजूर झालं. नावाचं विधेयक त्या वर्षी समितीतच राहिलं, आणि अजून तिथेच आहे.